डाळीला तोंडी भाकरी

नरडाण्याच्या कमलबाईचे मांडे ज्याने खाल्ले नाहीत, त्याने खानदेशात जन्माला येऊन केलं काय, असं लोक म्हणत. खुद्द कमलबाईचं मतही याहून फारसं निराळं नव्हतं. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत वाढवायची, आणि तो धोतराच्या सोग्यासारखा कोपरापर्यंत लोंबायला लागला की एका हिसक्यात पालथ्या खापरावर टाकायची. सुरकुती नाही, भोक नाही. शिंदखेड्याचं लग्न असो की बेटावदचं, तिला न्यायला घरापर्यंत गाडी यायची, आणि वऱ्हाडी मंडळी नवरी पाहायच्या आधी चुलीपाशी येऊन कमलबाईला पाहायची.

हाताला जेवढी गोडी, तेवढी जिभेला नाही. नाकावर माशी बसू देईल तर शपथ. तिचा नवरा रुपचंद आबा कापसाच्या शेतात राबणारा, मुलखाचा शांत माणूस. बोलण्याचं खातं त्यांनी लग्नातच बायकोच्या हवाली केलं होतं, असं गल्लीतले चहाटळ म्हणायचे. दोघांना एकच लेक, गोजर. तिच्या पाठीवर काही टिकलं नाही. त्यामुळे जीव म्हणाल तर सगळा त्या एका पोरीत.

ती गोजर सोनगीरला दिली. साल एकोणीसशे तीसच्या आगेमागे धरा. जावई हिलाल, पहिलवान गडी. आईबाप लहानपणीच गेलेले. सोनगीरच्या धनसिंग वस्तादाने त्याला तालमीतच वाढवला, लाल मातीत घोळवला आणि माणसात आणला. दारात उभा राहिला की दार भरून जायचं, पण बोलणं असं हळू की शेजारच्याने कान द्यावा. कमलबाई लग्नात मिरवत होती. ‘जावई दखा मन्हा!’ म्हणून बायकांना हाताला धरून आणून दाखवत होती.

मग आली लग्नानंतरची पहिली आखाजी.

आखाजी म्हणजे खानदेशातल्या लेकींची दिवाळी. अक्षय्य तृतीयेला झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात, गल्लीगल्लीत लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि नवा जावई आला म्हणजे त्याला आमरस-मांड्यांचं जेवण. ते जेवण एका घराचं नसतं हो, सगळ्या गल्लीचं असतं. जावयाने किती मांडे खाल्ले, कितव्या मांड्याला ‘पुरे’ म्हटलं, यावर पुढचे आठ दिवस पाणवठा चालतो. जावई खाईल तेवढी सासूची कॉलर ताठ, असं समजा. लुगड्याला कॉलर नसली म्हणून काय झालं!

कमलबाई पहाटेपासून खापराशी होती. आंबे पाडाचे, तूप घरचं, कुरडया आरशासारख्या. शेजारची भिकुबाई आणि आणखी चारजणी मदतीच्या नावाखाली जावई बघायला येऊन बसल्या होत्या. हिलाल पाटावर बसला, ताटाला हात जोडले, आणि मांड्याचा एक तुकडा मोडून मानाने तोंडात घातला. मग बोटं ताटाच्या कडेला टेकवून हळूच म्हणाला,

‘‘मामी, माले एवढंच बस. उडीदनं घुटं व्हई तं द्या, नही तं भिजेल हरभरा. धुळानी कुस्ती जवळ उनी. गहू, गूळ, भात बठ्ठा बंद शे. वस्तादनी मनाई शे.’’

चुलीपाशी भिकुबाईला खुदकन हसू आलं. झालं! त्या एका हसण्याने घात केला.

आता बघा, घुटं म्हणजे काय? उडदाची सालाची डाळ शिजवायची, घोटायची, वर लसूण-मिरचीची फोडणी. कुणाच्याही घरी रोज होतं. थंडीत तर दोन्ही वेळा होतं. पण आखाजीच्या दिवशी, जावयाच्या ताटात, मांडे बाजूला सारून घुटं? आणि भिजलेला हरभरा तर घोड्याच्या तोबऱ्यात असतो. कमलबाईची कानशिलं तापली. उठली ती तशीच कणकेच्या हातांनी.

‘‘मन्हा घरमा घोडा बांधेल नही शे जवाईबुवा, हरभरा भिजाडाले!’’

एवढ्यावर थांबली असती तर चेष्टा म्हणून खपलं असतं. हिलाल हसलाही होता थोडा. पण जिभेला हाड नसतं, आणि कमलबाईच्या जिभेला तर लगामही नव्हता.

‘‘बापना घर ज्यानी कधी मांडा दखेल नही, त्याले पचतीन कसा!’’

बिनआईबापाच्या माणसाला हे बोलायचं नसतं, हे तिथल्या दुधपित्या पोरालाही कळत होतं. रुपचंद आबांनी मान खाली घातली. हिलाल रागावला नाही, आवाज चढवला नाही. ताटाला पुन्हा नमस्कार केला, आचवला, आणि ओट्यावर जाऊन पायात वहाणा घातल्या.

गोजर झोक्यावरून पळत आली. काय झालं ते तिला बायकांच्या तोंडावरून कळलं. ‘‘माय, हाई काय बोलनी तू?’’ एवढंच म्हणाली, आत गेली आणि स्वतःचं गाठोडं घेऊन नवऱ्याच्या मागे चालू लागली. भर वैशाखाच्या उन्हात, पाच-सहा कोसांची वाट. रुपचंद आबा गाडी जुंपून वेशीपर्यंत मागे धावले. पण दोघं गाडीत बसली नाहीत.

कमलबाईने ते मांडे कुणाला वाढले, कुणी खाल्ले, हे तिला कधीच आठवलं नाही.

धुळ्याची कुस्ती हिलालने मारली. मालेगावकडचा चांगला नावाचा गडी होता, त्याला समोर घेऊन ढाक मारली आणि आभाळ दाखवलं. नरडाण्याचे लोक कुस्त्यांच्या दंगलीला गेले होते, ते गावात येऊन ‘आमचा जावई! आमचा जावई!’ म्हणून नाचले. मारुतीला नारळ फुटला. कमलबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. ऊर भरून आला होता बिचारीचा, पण आनंद करायचा कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या आखाजीला रुपचंद आबा लेकीला आणायला सोनगीरला गेले आणि रिकामी गाडी घेऊन परत आले. हिलालने त्यांना बसवलं, विचारपूस केली, वर म्हणाला, ‘‘आबा, गोजरनी मर्जी. मन्ही काही आडकाठी नही.’’ आणि गोजर म्हणाली, ‘‘ज्या घरमाईन मन्हा मानूस उपाशी उठना, त्या घर मी झोका खेळाले येऊ?’’

लेक कुणाची? आईचीच ना! मग पीळ कसा सुटणार.

त्या वर्षी दारच्या लिंबाला कमलबाईने झोका बांधला. कुणी बसलं नाही. भिकुबाईची नात येऊन बसली, तर कमलबाईने तिला दोन झोके दिले आणि डोळ्यांत धूर गेल्याचं सांगून आत गेली. चूल तर विझलेली होती.

आता तुम्हाला वाटेल, बाईला पश्चात्ताप झाला. छे! इतक्या लवकर होईल तर ती कमलबाई कसली? तिला लागली होती भलतीच रुखरुख. माझे मांडे सोडून त्या माणसाने घुटं मागितलं, म्हणजे त्या घुट्यात असं आहे तरी काय? रोज खातो आपण. रोज खाऊन रुपचंद आबांच्या दंडाची काडी झालेली, आणि हिलालचा दंड म्हणजे लाटणं नाही, मुसळ! स्वयंपाकीण बाईचा मत्सर असतो हा. दुसऱ्या बाईवर नसेल एवढा दुसऱ्या पदार्थावर असतो.

नरडाण्यात मारुतीच्या देवळामागे तालीम होती. तिथला सुपडू पहिलवान हा भिकुबाईचा पुतण्या. गडी मेहनती, जोर-बैठका मारून घामाने माती भिजवायचा, आणि घरी येऊन भाकरीची चवड फस्त करून झोपायचा. पोट सुटलेलं, दम नाही. दर जत्रेत कुणीतरी त्याला पाडायचं. कमलबाई एक दिवस त्याला ओट्यावर गाठून म्हणाली, ‘‘का रे सुपडू, त्या सोनगीरना वस्तादना खुराक कसा ऱ्हास? नही, आमनी म्हैस हडकी ऱ्हायनी, म्हणून इचारस.’’

ताकाला जाऊन भांडं लपवावं ते असं. सुपडूने म्हशीकडे पाहिलं; म्हैस चांगली टम्म होती. तो काय ते उमजला. गावातल्या पहिलवानांत बातम्या फिरतात. त्याने सोनगीरला जाऊन धनसिंग वस्तादाच्या तालमीत चार दिवस मुक्काम केला आणि येऊन सगळं सांगितलं. सकाळी मेहनत झाली की भिजून मोड आलेला हरभरा मूठ-दोन मूठ, आल्याचा तुकडा आणि मीठ लावून. वर म्हशीचं दूध, साखर नाही. दुपारी घुटं, नाहीतर मटकीची उसळ, आणि ताक. भाकरी कमी. संध्याकाळी भाजके शेंगदाणे, दही. ज्याला चालतं त्याला अंडी, बाजाराच्या दिवशी मटण.

‘‘भाकर कितली?’’ कमलबाईने विचारलं.

‘‘अर्धी, काकू. कधी पाऊन.’’

‘‘अर्ध्या भाकरवर कुस्ती?’’ तिचा विश्वास बसेना. आपल्याकडे ताटात भाकरी धनी आणि बाकीचे चाकर. डाळ कशाला, तर भाकरी घशाखाली उतरावी म्हणून. हे वस्ताद तर सगळं उलटंच सांगत होते.

पण हट्टाला पेटली. सुपडूलाच तिने आपला घोडा केला. पहिल्याच दिवशी त्याला एवढा हरभरा चारला की दुसऱ्या दिवशी तालमीत त्याच्या जवळपास कुणी उभं राहीना. तो बैठक मारायला खाली गेला की बाकीचे नाक धरून बाहेर! सुपडू रडकुंडीला आला. कमलबाईने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग स्वयंपाकीण म्हणून विचार करायला लागली. हरभरा कमी घ्यायचा, मोड आलेला वाफवून घ्यायचा, वर हिंग आणि ओवा. घुटं पळीवाढं नाही, पळी उभी राहील असं घट्ट. पीठ भिजवायचं तर कळण्याचं, म्हणजे ज्वारीत उडीद दळून घातलेलं, आणि त्यातही उडीद वाढवायचा. बेसनाच्या पातोड्या लाटण्याआधी तेलाचा हात आखडता, रस्सा मात्र झणझणीत. भरताची वांगी भाजायची, त्यात शेंगदाणे आणि कांद्याची पात सढळ, आणि ते भाकरीशी न खाता वाटीभर दह्याशी खायचं. दही फडक्यात टांगून त्याचा चक्का करायचा. लोक त्यात साखर घालतात, हिने मीठ आणि जिरं घातलं.

अंड्यांवर मात्र घोडं अडलं. तिच्या चुलीला अंडं कधी लागलं नव्हतं. शेवटी परसात तीन दगडांची चूल मांडली, मातीचं वेगळं मडकं आणलं, आणि सुपडूला तिथे बसवला. स्वतः पाठ करून बसायची आणि तोंडाने सांगायची, ‘‘आते मीठ टाक. आते हालाव. करपी ऱ्हायनं रे मेल्या, वास येस!’’ डोळ्यांनी न बघता नाकाने रांधणारी बाई खानदेशात तीच एक असेल.

सुपडूकडून तिने एक गोष्ट मात्र पक्की घोकवून घेतली. ताटावर बसला की म्हणायचं: भाकरीला डाळ तोंडी लावायची नाही, डाळीला भाकरी तोंडी लावायची. भाकरी आहे, पण लोणच्यासारखी. पोरगं आधी भुकेने कासावीस झालं, चार वेळा घरी पळून जाऊन चोरून भाकरी खाऊन आलं. मग हळूहळू पोट आत गेलं, छाती वर आली, आणि थाळनेरच्या जत्रेत त्याने पहिल्यांदा समोरच्याला पाडलं. तो सरळ मारुतीला जायचा सोडून कमलबाईच्या दारी आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

त्यानंतर मग काय! तालमीतली बाकीची पोरं ओट्यावर येऊन बसायला लागली. कमलबाई त्यांना शिव्या द्यायची आणि वाढायची. घरोघरच्या आया डाळ आणून द्यायच्या, दूध आणून द्यायच्या, आणि आपल्या लेकाला काय द्यायचं ते विचारून जायच्या. हा परिपाठ पुढे देश स्वतंत्र होईपर्यंत चालला. नरडाण्याच्या तालमीत ‘आक्का’ म्हटलं की दुसरं कुणी नाही, कमलआक्काच. लग्नाच्या मांड्यांना ती तशीच जात राहिली हो. मांड्यांवर तिचा राग कधीच नव्हता. ‘‘लगीनमा मांडा, तालीममा घुटं. ज्याना त्याना येळ,’’ असं ती सांगायची.

आणि हे सगळं शिकता शिकताच केव्हातरी तिला आपली चूक समजली. एकदा सुपडू ताटावर बसला असताना भिकुबाईने आग्रहाने गुळाची पोळी त्याच्या ताटात टाकली. त्याने हात जोडले, ‘काकू, कुस्ती जवळ शे’ म्हणाला. भिकुबाई फुगली. कमलबाई तिला समजवायला म्हणून तोंड उघडते, तो तिला स्वतःचंच बोलणं आठवलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

पण समजणं वेगळं आणि सोनगीरची वाट धरणं वेगळं. सासूने जावयाच्या दारी जाऊन चुकले म्हणायचं, हे कुणी ऐकलंय?

मग बातमी आली. रुपचंद आबा सोनगीरच्या बाजाराला गेले होते, तिथे गोजर भेटली. तिला दिवस गेले होते, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण गोजर यायला तयार नव्हती. घरात सासू नाही, नणंद नाही, कुणी बाईमाणूस नाही. धनसिंग वस्तादाची म्हातारी समोरच राहते, तिला डोळ्यांनी दिसत नाही. आबा म्हणाले, ‘‘पोर सुकी गयी. घाबरस ती, पन सांगत नही.’’

गोजरच्या पाठची कमलबाईची दोन बाळं याच घरात गेली होती, आणि त्यातल्या एका वेळेला तीही जाता जाता राहिली होती. कुणी अनुभवी बाई उशाशी नसली तर काय होतं, हे तिला दुसऱ्याने सांगायला नको होतं. मान गेला चुलीत! पोर घरी आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने रांधलं. घट्ट घुटं, मोडाची मटकी, पातोड्या, शेंगदाण्याची चटणी, टांगलेल्या दह्याचा चक्का, आणि कळण्याच्या पातळ भाकरी, मोजक्याच. सगळं डब्यांत भरलं, फडक्यात बांधलं, आणि छकड्यात बसली. आबांनी बैल हाकले. चैत्राचं ऊन सकाळीच पेटलं होतं. सोबतचा पाण्याचा तांब्या निम्म्या वाटेतच संपला. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा तिच्या घशाला कोरड पडली होती, उन्हानेही आणि भीतीनेही. जावयाने दारातूनच परत लावलं तर?

आबा बैल सोडून गावाबाहेरच्या विहिरीवर घेऊन गेले. ती एकटीच दारी गेली. गोजरने आईला पाहिलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. पोटाने भरलेली, तोंडाने उतरलेली. तेवढ्यात हिलाल तालमीतून आला, अंगाला माती लागलेली. त्याने सासूला पाहिलं, वाकून नमस्कार केला, आणि आत घेऊन पाटावर बसवलं.

‘‘जवाईबुवा,’’ कमलबाई म्हणाली, ‘‘आधी जेवा. मंग काय बोलनं ते बोला.’’

तिने स्वतः वाढलं. हिलाल ताटाकडे बघतच राहिला. घुट्याचा घास घेतला, मग दुसरा. पातोडीचा रस्सा ओरपला. मटकी संपवली, चक्का बोटाने चाटला, आणि भाकरीचा चतकोर शेवटपर्यंत पुरवला. दोनदा घुटं मागून घेतलं. दोन वर्षांनी जिंकले, असं कमलबाईला वाटलं. पोर आता येणार!

हिलालने हात धुतले आणि गोजरला म्हणाला, ‘‘मामीले वाढ. उनमा उन्यात त्या.’’

गोजरने ताट आणलं, पाण्याचा गडवा पुढे ठेवला. आणि कमलबाईचा हात आपोआप मागे गेला.

आता हीसुद्धा रीत. लेकीच्या घरचं आईबापाने खायचं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तिच्या आईने पाळलं, आजीने पाळलं. मोडलं तर लेकीला बाधतं, असं ती मनापासून मानत होती; आणि आज तर लेक दोन जिवांची.

‘‘नको, माय. आंडेरना घरनं पानी बी चालत नही माले. नेम शे. राग नका मानू जवाईबुवा, तुमना अपमान नही करत मी…’’

बोलता बोलता ती अडखळली. हिलाल समोर मांडी घालून बसला होता. तिच्याकडे बघत तो अगदी हळू म्हणाला,

‘‘मामी, त्या दिनले मी हाईच सांगत व्हतू.’’

टोचून नाही, उट्टं काढायचं म्हणून नाही. सरळ सांगितलं, जसं कुणी दुखऱ्या जागी बोट ठेवून ‘इथे’ म्हणतं. कमलबाईच्या डोळ्यांपुढे ती आखाजी उभी राहिली. ताटाला जोडलेले त्याचे हात, मानाने मोडलेला तो एक तुकडा. त्यानेही असंच सांगितलं होतं, हात जोडून, आणि तिने त्याच्या मेलेल्या बापाला मधे आणलं होतं. आता हा म्हणाला, ‘माझ्या घरचं पाणी तुम्हाला पचेल कसं?’ तर? म्हणू शकत होता. हक्क होता त्याचा.

तिने गडव्याकडे हात नेला. नेम गेला तर गेला. माझा अपराध त्याहून मोठा आहे. गोजर घाबरून ओरडली, ‘‘माय, नको!’’

हिलालने तो गडवा तिच्या हातातून काढून घेतला. उठला आणि घराबाहेर निघून गेला.

संपलं, असं कमलबाईला वाटलं. चांगलं चाललेलं आपल्या हाताने पुन्हा मोडलं. गोजर मूकपणे रडत होती, एक हात पोटावर होता. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि गल्लीत कुणाची चाहूल नव्हती.

हिलाल परत आला तो खांद्यावर पाण्याची कळशी घेऊन, आणि दुसऱ्या हातात झाकलेली परात. पण घरात आला नाही. समोरच्या घराच्या ओट्यावर त्याने घोंगडी अंथरली आणि तिथूनच हाक मारली.

‘‘मामी, आठे या. हाऊ ओटा आमना नही, वस्तादना शे. पानी बी वस्तादना घरनं, भाकर बी त्यासनीच. तुमना नेम मोडत नही.’’

कमलबाई उठली. गल्ली ओलांडून घोंगडीवर बसली. भल्यामोठ्या अंगाचा तो माणूस उन्हात वाकून उभा राहिला आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागला. ती प्यायली. आणखी प्यायली. मग ओंजळ सोडून दिली आणि मान वर केली.

‘‘मन्हं चुकनं, हिलाल,’’ ती म्हणाली. जवाईबुवा म्हणायचं भान राहिलं नाही. ‘‘तुना बापवर गवू मी. मन्हं चुकनं रे बाबा.’’

‘‘पानी प्या आधी,’’ तो म्हणाला, आणि कळशी पुन्हा वाकवली. मग म्हणाला, ‘‘मन्ही माय ऱ्हाती तं अशीच भांडती. माले आठवत नही ती.’’

त्याने तिला जेवू घातलं, शेजारी बसून. तेवढ्यात रुपचंद आबा बैल घेऊन आले आणि समोरचं बघून कासरा धरून तसेच उभे राहिले. दारात गोजर उभी होती. हिलालने तिला विचारलं, ‘‘गाठोडं बांधं का?’’ तिने मान हलवली. कधीचंच बांधून ठेवलेलं होतं, नवऱ्याला न सांगता. ते त्याने तिच्याकडून घेऊन छकड्यात ठेवलं, खाली गवताची जाड गादी केली, आणि तिला सांभाळून वर चढवलं.

मग आबांच्या हातातला कासरा घेऊन स्वतः पुढे बसला.

‘‘आबा, तुम्ही मांगे बसा,’’ तो म्हणाला. ‘‘मी बी येस नरडाणाले.’’